टोपी नसताना

खाण बंद पडून किती वर्षं झाली
ते वजनकाट्यालाही आठवत नसेल.
वर ट्रक नाही, माती नाही,
तरी काटा दोनशे किलो दाखवतो.
डिचोलीच्या या टोकाला मी रात्रपाळी करतो.
खुर्ची, टॉर्च, एक कुत्री,
आणि रेंज, ती फक्त उत्तरेच्या खिडकीत.
पहिल्याच रात्री शोधली मी ती.
अठ्ठावीस वर्षं सिग्नल्समध्ये काढली,
एवढं तर यायला हवं.

खेळ फोनमध्ये वेदांगने टाकून दिला,
बहिणीच्या मुलाने.
पडद्यावर नाव उमटलं: रिक्रूट माजीक.
नायब सुभेदाराचा पुन्हा रिक्रूट!
बायको म्हणाली, पेन्शन कापतील हो.

आमच्या तुकडीचा मेजर कुडचड्याचा.
क्लाइव्ह. दहावीला आहे, गणितात अडकलाय.
आवाज फुटतोय त्याचा:
हुकूम जाड निघतो
आणि शेवटच्या शब्दाला चिरकतो.
"रिक्रूट, पुढे जायचं नाही!"
मी म्हणतो, "जी, सर."
बाकीची पोरं खिदळतात.
त्यांना वाटतं, म्हातारा मस्करी करतोय.

त्यांना काय सांगू,
की तेवीस वर्षांचा लेफ्टनंट नवा आला
तेव्हा मी कडक सॅल्यूट ठोकला होता,
आणि संध्याकाळी नकाशा उलटा धरून बसलेला तो
हळूच म्हणाला, "साहेब, जरा बघता?"
मी त्याला सर, तो मला साहेब.
मी नकाशाला हात लावला नाही.
म्हटलं, "सर, या बाजूने उजेड बरा आहे,"
आणि तो उठून माझ्या बाजूला आला.
रँक अशीही सांभाळावी लागते.
पुस्तकात हे नाही.

पुस्तकात आहे ते असं:
डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट नाही,
नुसतं सावधान.
हेडफोन म्हणजे काही टोपी नव्हे.
म्हणून मेजर क्लाइव्ह ऑनलाइन आला
की मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाठ सरळ करतो,
चपलांच्या टाचा जुळवतो.
कुत्री एक डोळा उघडून बघते.

परवा मी पडलो.
पुलापाशी, दोन गोळ्या,
पडद्याच्या कडा लाल, घड्याळ उलटं चालू.
वेदांग ओरडला, सोड त्याला, रँक जाईल!
बरोबरच होतं. मीही म्हटलं, सर, तुम्ही निघा.
तेवढ्यात कानात, चिरकत:
"हांव आसां मरे. हांव आसां."
सरपटत आला, शेजारी बसला,
पट्टी अर्धी बांधून झाली
आणि दोघेही मेलो.
मेजरचा त्या रात्री कॅप्टन झाला.

मी बराच वेळ काही बोललो नाही.

नायक तोपनोचा चेहरा मी कधी पाहिला नाही.
अकरा महिने नुसता आवाज,
बर्फापलीकडच्या चौकीवरून, दर तासाला.
निरोप संपला की नियमात नसलेलं एक वाक्य
तो मागे जोडायचा, "मैं हूँ, साब."
मी रागवायचो. चॅनल मोकळा ठेव!
एका पहाटे, चारच्या ठोक्याला,
त्याने चॅनल मोकळा ठेवला.

"अंकल? आहात ना?"
"जी, सर. आहे."
पाठ सरळ केली. कंबर कुरकुरली.
"सर, परवानगी असेल तर एक बोलू?
पुलावर पाण्याच्या बाजूने उजेड बरा आहे."
तो गप्प. मग अगदी लहान आवाजात,
"अंकल, तुम्ही खरंच आर्मीत होता काय?"
"रिक्रूट आहे, सर.
गणिताचा पेपर कधी आहे?"
"सोमवारी."
"मग झोपा आता."

ज्युनिअरने आधी लाइन तोडायची नसते.
कुडचड्यातही कुणीतरी त्याला सांगितलं असणार
की मोठ्यांच्या आधी फोन ठेवू नये.
तो थांबला. मीही थांबलो.
त्याच्याकडे पंखा फिरत होता,
माझ्याकडे रातकिडे.